श्वास कोंडलेली इमारत

१

हार्टविग टॉवरच्या विसाव्या मजल्यावर छतातून रक्त ठिबकायला लागलं, तेव्हा तिथे सत्काराची तयारी चालली होती.

पहिला थेंब टेबलावरच्या पांढऱ्या कापडावर पडला. मजल्याची स्वागतिका फिलिस ब्राउनली हिला वाटलं, कुणीतरी क्रॅनबेरीचा रस सांडला. तिने तो रुमालाने टिपला. दुसरा थेंब तिच्या मनगटावर पडला, आणि तो कोमट होता. तिने मान वर केली. सभागृहात ऊबदार हवा सोडणाऱ्या जाळीतून लाल तुषार उडत होते. चीजच्या ताटांवर, रिकाम्या खुर्च्यांवर, 'मिलवॉकीतली सर्वांत हरित इमारत' असं कोरलेल्या काचेच्या फलकावर. फिलिसची किंचाळी शेजारच्या बँकेतल्या लोकांनाही ऐकू गेली.

मी टेड गोराल्स्की, मिलवॉकी पोलिसांच्या खून विभागात. माझी वरिष्ठ लोरेटा ग्रिग्सबी पन्नाशीची, कृष्णवर्णीय, दारातून आत आली की दार लहान वाटावं अशी बाई. तरुणपणी बॉक्सिंग खेळायची. आता गुडघे दुखतात म्हणून जिन्याला शिव्या घालते. पण प्रश्न विचारताना तिचा आवाज कधी चढत नाही. लोक घाबरतात ते त्यालाच.

यंत्रांचा मजला सभागृहाच्या बरोबर वर होता. तिथे खोलीएवढी पत्र्याची पेटी होती आणि तिच्यात पुरुषभर उंचीचा पंखा. बाहेरची हवा आत ओढायची, तापवायची आणि खालच्या सभागृहात फेकायची, हे त्याचं काम. पंखा आता बंद होता. त्याच्या पायाशी हॉवर्ड नुटसेन पडला होता. गेली कित्येक वर्षं ही इमारत सांभाळणारा मुख्य व्यवस्थापक. सगळे त्याला हॉवी म्हणत.

पंख्याने त्याचं काय केलं ते सगळं सांगत नाही. उजवा हात खांद्याशी नव्हताच. चेहरा अर्धाच ओळखू येत होता. पत्र्याच्या भिंती आतून रंगवल्यासारख्या दिसत होत्या.

लोरेटा गुडघे धरत खाली बसली. "टेड, हे बघ. डोक्याच्या मागे खोक आहे, बाहेरून आत गेलेली. पंख्याने केलेली नाही. आधी कुणीतरी मागून घाव घातलाय, मग उचलून आत ढकललंय."

"जिवंत होता?"

"एवढं रक्त उडालंय म्हणजे होता."

पेटीच्या दाराशी नळ बसवायचा लांबलचक पाना पडला होता. टोकाला केस चिकटले होते. दांड्यावर कुणीतरी खिळ्याने अक्षरं कोरली होती, एम. टी.

मी वाकून ती वाचत होतो तेवढ्यात मागच्या टाकीआडून पत्रा वाजला. मी वळलो. डोक्यापासून पायापर्यंत रक्ताने माखलेला एक माणूस माझ्या अंगावर आला. त्याचा ठोसा जबड्यावर बसला आणि मला दिवसाढवळ्या चांदण्या दिसल्या.

२

तो चार पावलंसुद्धा पळाला नाही. लोरेटाने त्याच्या बरगडीत कोपर घातलं, तो वाकला तशी मान धरून त्याला जमिनीवर पालथा घातला आणि वर बसली.

"नाव?"

"श्वास... श्वास घेता येत नाहीये!"

"बोलता येतंय म्हणजे घेता येतोय. नाव?"

"माइक ट्राउटमन."

म्हणजे एम. टी. हॉवीचा मदतनीस. तिशी ओलांडलेला, लाल दाढीचा, बोटांच्या सांध्यांवरची साल गेलेला गडी. त्याला बेड्या घालून एका बादलीवर बसवला. मी तोंडातलं रक्त थुंकलं.

"मी नाही मारलं त्याला," तो म्हणाला. "खालच्या मजल्यावर होतो, ओरडा ऐकला, धावत वर आलो. पंखा चालू होता आणि हॉवी आत... मी बटण पाडलं. त्याला बाहेर ओढायला गेलो. जे हातात आलं ते..."

"मग लपलास कशाला?"

"कशाला म्हणजे? पाना माझा. कालपासून इथेच पडला होता. अंगभर रक्त त्याचं. आणि गेल्या आठवड्यात मी सगळ्यांसमोर त्याच्या तोंडावर गुद्दा हाणला होता. तुम्ही काय मला हार घालणार होतात?"

"गुद्दा का हाणलास?"

मग माइकने सगळं सांगितलं. खाली तळघरात पार्किंग आहे. तिथला पहारेकरी हिलारिओ ओकांपो जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीत मेला. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. पार्किंगच्या हवेवर लक्ष ठेवायचं काम माइकचं. तिथे मोटारींचा विषारी धूर साठला की भिंतीवरच्या सेन्सरला कळतं आणि धूर बाहेर ओढणारे पंखे आपोआप सुरू होतात. माइकच्या संगणकावर हवा सदा स्वच्छ दिसत होती.

"हॉवीने मला सगळ्यांच्या देखत विचारलं, तू खाली जाऊन कधी वास घेतलास का? मी म्हटलं, पडद्यावर दिसतंय ना सगळं! तर म्हणाला, इमारत पडद्यावर बघून सांभाळता येत नाही रे गाढवा, तिच्यात फिरावं लागतं. माझं डोकं फिरलं."

"तू मारल्यावर त्याने काय केलं?"

"काही नाही. नाक पुसलं आणि म्हणाला, झालं का? आता चल खाली. पण मी नाही गेलो."

लोरेटाने विचारलं, "माणूस कसा होता?"

"हॉवी? चिकट. एक झडप गळत असली तर त्याला झोप येत नसे. वीज वाचवायची म्हणजे त्याच्या लेखी मळलेल्या गाळण्या धुणं, दारांच्या फटी बुजवणं, रिकाम्या खोल्या उगाच न तापवणं. दरवर्षी थोडी थोडी वीज कमी करत आणली त्याने, आणि एकाही माणसाला थंडी वाजू दिली नाही. मग ऑडली आला. त्याला एका हिवाळ्यात चमत्कार हवा होता."

"ऑडली कोण?"

"प्रेस्टन ऑडली. मालक कंपनीचा पर्यावरण संचालक. आजचा सत्कार त्याचाच."

पुढचा प्रश्न विचारण्याआधी माझा वायरलेस खरखरला. खालच्या शिपायाचा आवाज घाबराघुबरा होता. "लवकर या. दारात एका बाईने रखवालदाराच्या गळ्याला सुरी लावलीये."

३

सुरी मांस सोलायची होती, पातळ आणि वाकडी. धरणारा हात अजिबात कापत नव्हता. बाई ठेंगणी, मजबूत, पांढऱ्या रबरी बुटांतली. रखवालदाराच्या कॉलरमध्ये रक्ताची बारीक रेघ उतरली होती. तीन शिपाई पिस्तूल रोखून उभे होते.

"पिस्तुलं खाली करा," लोरेटा म्हणाली आणि सरळ चालत पुढे गेली. "नाव काय तुझं, बाई?"

"जवळ येऊ नका! रोसालिंडा ओकांपो."

"हिलारिओची कोण?"

"बहीण." तिचे ओठ थरथरले, हात नाही. "हा म्हणतो नुटसेन मेला. आज सकाळीच मेला. माझ्याशी बोलणार होता म्हणून मेला! आता मला मागच्या खोलीत चल म्हणतोय. कशाला? मलाही तिथेच गाडणार?"

"मी... मी पोलिसांना भेटवायला नेत होतो," रखवालदार कसाबसा म्हणाला.

"तो खरं बोलतोय," लोरेटा म्हणाली. "आणि पोलीस मीच आहे. रोसालिंडा, तो मेला तर तुझ्या भावाचं खरं कोण सांगणार? मला ते हवंय. तू तुरुंगात गेलीस तर मला ते मिळणार नाही."

मग सुरी फरशीवर खणकन पडली. रखवालदार भिंतीला धरून खाली बसला आणि ओकला.

रोसालिंडा मांसाच्या कारखान्यात कामाला होती, कामाच्या पाळीवरून थेट आली होती. भावाच्या दफनाच्या दिवशी ती हॉवीच्या तोंडावर थुंकली होती, हे तिने आपणहून सांगितलं.

"माझा भाऊ बैलासारखा होता. हृदय बंद पडायला काय झालं? महिनाभर डोकं दुखतंय म्हणायचा. मी म्हणायची, बिअर कमी कर." ती हसली. हसणं भयंकर होतं. "काल नुटसेनचा फोन आला. रडत होता. म्हणाला, तुझ्या भावाचं हृदय बंद नाही पडलं, त्याला आम्ही मारलं. उद्या सत्काराला ये. सगळ्यांसमोर सांगणार आहे, तू समोर असायला हवीस."

"आम्ही म्हणजे कोण?"

"मीही तेच विचारलं. म्हणाला, तो माणूस स्टेजवरच असेल. त्याच्या तोंडावरच सांगतो."

स्टेजवर बसणारी माणसं दोनच होती, हे आम्ही मघाशी पत्रिकेवर पाहिलं होतं. महापौरांच्या कचेरीतून येणारी एक बाई, जी अजून रस्त्यातच होती, आणि प्रेस्टन ऑडली.

४

ऑडलीची खोली एकोणिसाव्या मजल्याच्या कोपऱ्यात होती. लिफ्टच्या दाराशी आम्हाला फिलिस भेटली. शाल घट्ट लपेटून बसली होती, मनगट पुन्हा पुन्हा पुसत होती. डाग केव्हाच गेला होता.

"रक्त पडायला लागल्यावर तुम्ही काय केलंत?" लोरेटाने विचारलं.

"ऑडलीसाहेबांना बोलवायला धावले. ते सकाळपासून खोलीत भाषण लिहीत होते. मी म्हटलं, साहेब, छतातून रक्त येतंय! तर बिचारे घामाने डबडबलेले. भाषणाचं दडपण, दुसरं काय. मी मात्र दारात कुडकुडत होते. ही नवी यंत्रणा म्हणजे मेली कंजूष! खोलीत माणूस बसला आहे असं कळल्याशिवाय ऊब सोडत नाही, आणि सोडली तरी खोली तापायला अर्धा तास लागतो. म्हणून तर ही शाल."

"ऑडली वर आले का?"

"नाही. म्हणाले, पोलिसांना फोन कर, मला चक्कर येतेय."

तिचे आभार मानून आम्ही आत गेलो. खोली आता ऊबदार होती. ऑडली पंचेचाळिशीचा, देखणा, पांढऱ्या सदऱ्यावर हिरवा टाय लावलेला. उठून त्याने दोघांशी हात मिळवले. हात स्वच्छ आणि गार होता, साबणाचा वास येत होता.

"भयंकर! हॉवी म्हणजे या इमारतीचा आत्मा होता."

"तुमचं पटायचं त्याच्याशी?"

"तो जुन्या वळणाचा. फटी बुजवा, झडपा साफ करा. मी म्हणायचो, हॉवी, आता मोठी उडी घ्यायला हवी. पण आदर होता." तो खुर्चीत टेकला. "नाव घ्यायला आवडत नाही, पण ट्राउटमनने त्याला मारलं होतं, माहीत आहे ना? आणि ती ओकांपो बाई. दफनाच्या वेळी काय तमाशा केला होता!"

"तुम्ही सकाळपासून कुठे होतात?"

"इथेच. या खुर्चीत. एकदाही उठलो नाही."

लोरेटा खिडकीशी गेली होती. बाहेर मिशिगन सरोवरावरून बोचरा वारा येत होता. जुन्या पद्धतीची एकेरी काच. कोपऱ्यांत आतल्या बाजूने अजून हिमाचा पापुद्रा धरलेला होता, तो विरघळत होता आणि पाण्याचे ओघळ खाली चौकटीत जमत होते. लोरेटाने एका ओघळावर बोट फिरवलं आणि पाणी स्वतःच्या कोटाला पुसलं.

तेव्हा मला एक आवाज जाणवला. छताच्या वर कुठेतरी कुणी दातांतून शीळ घालावी तसा. मधूनच थरथरत होता.

"हा कसला आवाज?" मी विचारलं.

ऑडलीने कान दिला. कपाळाला एक आठी पडली. "वारा असावा. सरोवरावरचा."

"या इमारतीचा प्रत्येक आवाज तुम्हाला ठाऊक असेल."

"अर्थात. हा वाराच आहे."

बाहेर आल्यावर लोरेटाने माझं कोपर धरलं. "टेड, आज याचा सत्कार आहे. फोटो निघणार. याचा कोट कुठे आहे?"

"खुर्चीवर असेल."

"नव्हता. खुंटीवरही नव्हता. चल, त्या दाढीवाल्याला बरोबर घे. शीळ कसली ते त्याला विचारू."

५

माइकने शीळ ऐकली आणि त्याचा चेहराच बदलला.

"हा पार्किंगचा पंखा आहे! गच्चीवर बसवलाय, तळघरापासून वरपर्यंत एक सरळ विहिरीसारखी पोकळी जाते, तिच्यातून धूर ओढतो. पण तो... तो तर या हिवाळ्यात एकदाही चालला नाही. आणि असा का शिट्टी मारतोय? काहीतरी अडकलंय त्याच्या तोंडाशी."

"आधी खाली," लोरेटा म्हणाली.

तळघरात सत्काराला आलेल्या पाहुण्यांच्या गाड्या उभ्या होत्या. थंडीमुळे ड्रायव्हरांनी इंजिनं चालूच ठेवली होती. तरी हवा अंगावरून वाहत होती. पोकळीच्या तोंडाशी कागदाचे कपटे आत ओढले जात होते. माइक सरळ एका खांबाकडे गेला. खांबावर मुठीएवढी पांढरी डबी होती, तोच सेन्सर. तिच्याभोवती पारदर्शक चिकटपट्टीचा फाटलेला तुकडा लोंबत होता. दुसऱ्या खांबावर तसंच. तिसऱ्यावरही. पट्टी रुंद, अनेक पदरी, आणि आतून धूळ न लागलेली. कुणीतरी प्रत्येक डबीचं नाकतोंड बांधून ठेवलं होतं आणि दुसऱ्या कुणीतरी ते ओरबाडून मोकळं केलं होतं.

"हॉवीने काढलं," माइक पुटपुटला. "आज सकाळी. तो म्हणत होता ना, चल खाली."

"आणि बांधलं कुणी?"

पुढे पहारेकऱ्याची काचेची टपरी होती, आत एक खुर्ची आणि कोपऱ्यात ग्वादालूपच्या मेरीमातेचं चित्र. माइक त्या खुर्चीकडे वळला.

"डबीला कोंडलं की तिला हवा स्वच्छच दिसणार. पंखे सुरूच होणार नाहीत. केवढी वीज वाचली! सगळ्या शहरात आमचा आकडा सर्वांत कमी." त्याने खांबावर मूठ आपटली. पुन्हा आपटली. बोटांची साल पुन्हा गेली, खांबावर लाल ठसा उठला. "मी रोज वर बसून त्या हिरव्या दिव्याकडे बघत होतो आणि हिलारिओ इथे धूर पीत होता. ऑडली मला म्हणायचा, शाब्बास माइक, खाली जायची गरजच नाही, ही नवी पद्धत आहे."

"माइक, शांत हो."

"ही पद्धत कंपनीच्या बाकीच्या अकरा इमारतींत नेत होता तो. अकरा!"

लोरेटाने फोन काढला. आपल्या कचेरीला तिने तुटक वाक्यांत सांगितलं की त्या अकराही इमारतींची तळघरं आत्ताच्या आत्ता उघडून रिकामी करा, शेजारच्या राज्यांतल्या पोलिसांनाही कळवा. तिचं बोलणं चालू असताना मी क्षणभर माइककडे पाठ केली. तेवढ्यात लिफ्टचं दार मिटत असल्याचा आवाज आला.

माइक आत होता. दोन्ही हात अजून बेडीत होते आणि तोंडाने तो एकच नाव घेत होता.

६

आम्ही दुसऱ्या लिफ्टने पोचलो तोवर ऑडलीची खोली उलथीपालथी झाली होती. माइकने बेडीची साखळी त्याच्या गळ्याभोवती टाकून त्याला टेबलावर दाबलं होतं. ऑडलीचा चेहरा जांभळा पडला होता, टाचा लाकडावर धडधड आपटत होत्या.

"कसं वाटतंय?" माइक दात खात विचारत होता. "हवा पुरतेय ना?"

मी त्याचे खांदे ओढले, सुटेना. लोरेटाने त्याच्या कानाशी तोंड नेलं. "सोड. हा मेला तर त्याला बळी म्हणतील. हॉवीला ते आवडेल?"

साखळी सैल झाली. ऑडली जमिनीवर कोसळून खोकत राहिला. गळ्यावर कड्यांचे वळ उमटले होते.

"बघितलंत?" तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "खुनी कोण ते आता तरी कळलं का?"

"कळलं," लोरेटा म्हणाली. "वर चला, दाखवते. तुमच्या इमारतीतली धुराची पोकळी बघायचीये मला."

मला वाटलं, नाही म्हणेल. पण तो कॉलर सरळ करत उठला. तिथे बघण्यासारखं काही नाही अशी त्याची पक्की खात्री होती. माइकला शिपायांच्या हवाली करून आम्ही तिघं यंत्रांच्या मजल्यावर गेलो. हॉवीवर चादर घातली होती. ऑडलीने तिकडे पाहिलं नाही.

पोकळीला भिंतीत लोखंडी दार होतं. शीळ त्याच्या आडूनच येत होती. लोरेटा दाराला पाठ लावून उभी राहिली.

"तुम्ही म्हणालात, सकाळपासून खुर्चीतून उठला नाहीत. पण फिलिस आली तेव्हा तुमची खोली बर्फासारखी होती. आत माणूस असला की अर्ध्या तासात खोली तापते. मग सकाळपासून त्या खोलीत कोण होतं? कुणीच नाही. तुम्ही तिच्या जेमतेम आधी आलात. मी आले तेव्हा खिडकीवरचं हिम नुकतं विरघळायला लागलं होतं."

"मी हललो नसेन. यंत्राला कळलं नसेल."

"मग अशा गारठ्यात, नुसत्या सदऱ्यात, घाम कशाने फुटला? अवजड माणूस उचलून पंख्यात ढकलला आणि जिन्याने पळत खाली आलात, त्याने फुटला. आता कोट. आज तुमचे फोटो निघणार आणि अंगावर कोट नाही. जाळायला इथे भट्टी नाही. कचरा इथे पारदर्शक पिशव्यांत वेगळा करतात, नियम तुम्हीच केलात. खाली नेला असता तर कुणीतरी पाहिला असता. मग या मजल्यावर एकच जागा उरते, जिथे टाकलेली वस्तू तळाशी जाते आणि कुणी कधी बघत नाही. हे दार."

ऑडलीच्या चेहऱ्यावर हसू आलं. "उघडा की."

"पंखे बंद आहेत असं समजून तुम्ही कोट टाकलात. तेव्हा होतेही बंद, कारण तळघरात गाड्या आल्या नव्हत्या. पण हॉवीने सकाळीच डब्या मोकळ्या केल्या होत्या. पाहुणे आले, धूर झाला आणि पंखा जागा झाला. तुम्हाला तो आवाज ओळखता आला नाही, प्रेस्टन. हिवाळाभर ऐकलाच नव्हता तुम्ही."

तिने दार ओढलं. वारा किंचाळत आत घुसला. मी टॉर्च वर मारला. डोक्यावर हातभर अंतरावर पंख्याची जाळी होती आणि कोट तिला घट्ट चिकटून फडफडत होता. राखाडी, भारी कापडाचा, बाही आणि छाती काळ्या रक्ताने माखलेली.

ऑडलीने भिंतीला टेकवलेली सळई कधी उचलली ते मला कळलंच नाही. ती माझ्या कानशिलावर बसली. मी पडलो, रक्त डोळ्यांवर ओघळलं. दिसलं ते तुकड्यातुकड्यांत. त्याने लोरेटाला उघड्या दारात ढकललं. एक पाय तिचा आत लोंबकळला, खाली वीस मजल्यांचा अंधार. ती चौकटीला लटकली. त्याने लोखंडी दार तिच्या बोटांवर आपटलं. एकदा. पुन्हा. हाडं मोडल्याचा आवाज पंख्याच्या आवाजातही ऐकू आला.

ती ओरडली नाही. तिने दुसऱ्या हाताने त्याचा हिरवा टाय पकडला आणि अंगातला सगळा भार टाकून खाली ओढला. त्याचं तोंड लोखंडी चौकटीवर आदळलं, दात फरशीवर सांडले. तोवर मी सरपटत पोचलो होतो. तिचा पट्टा धरला आणि दोघांनाही बाहेर खेचलं. ऑडली पुन्हा सळईकडे वळला. लोरेटाने मोडक्या हातानेच त्याला एक हाणला. असा ठोसा मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. तो हॉवीच्या चादरीशेजारी पडला आणि उठला नाही.

"तो ऐकेचना," शुद्धीवर आल्यावर फुटक्या तोंडाने ऑडली रडत म्हणाला. "मी म्हटलं, नंतर गुपचूप दुरुस्त करू. तो म्हणाला, नंतर म्हणजे अजून एक माणूस. आणि पाठ फिरवून निघाला. पाठ फिरवली त्याने!"

७

संध्याकाळपर्यंत कंपनीच्या चार इमारतींच्या तळघरांत तशाच गुंडाळलेल्या डब्या सापडल्या. एका पहारेकरणीला शुद्ध नव्हती. ती जगली. हिलारिओचं शव कबरीतून उकरून पुन्हा तपासलं, रक्तात धुराचं विष मिळालं आणि ऑडलीवर दुसरा आरोपही लागला. मालकांनी सत्काराचा फलक गुपचूप उतरवला. माइकवर खटला भरावा असं ऑडलीचा वकील म्हणत होता, सरकारी वकिलाने कानावर घेतलं नाही. माइक आता इमारतीत असतो तेव्हा बहुधा तळघरातच सापडतो.

लोरेटाच्या हातावर दुसरी शस्त्रक्रिया झाली त्या दिवशी दवाखान्यात रोसालिंडा आली. कारखान्यातून सॉसेजचं मोठं पुडकं आणलं होतं. ते तिने खाटेच्या कडेला ठेवलं आणि उभीच राहिली.

"एक विचारायचं होतं. त्याला कळलं असेल का? हिलारिओला? शेवटी?"

माइकने आम्हाला जबानीत सांगितलं होतं. हिलारिओ खुर्चीत सापडला नव्हता. हॉवीला तो बाहेर पडायच्या चढणीवर सापडला होता, पालथा, नखं फुटलेली. घरच्यांना त्रास नको म्हणून हॉवीने त्याला उचलून खुर्चीत बसवला होता.

"नाही," लोरेटा म्हणाली. "या धुराने झोप लागते. बसल्या जागी डोळा लागला त्याचा."

रोसालिंडाने तिच्याकडे टक लावून पाहिलं. मग कोपऱ्यातली खुर्ची ओढून ती समोर बसली.

"तुम्ही भल्या बाई आहात," ती म्हणाली. "पण खोटं तुम्हाला जमत नाही. मी रोज मेलेली जनावरं कापते. मला सांगा."

लोरेटाने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे बघायला लागलो. मग तिने सांगितलं. काहीही न गाळता, नेहमीच्या त्या सपाट आवाजात. टपरीच्या दारापासून चढणीच्या मध्यापर्यंत.

रोसालिंडा रडली नाही.

"तोंड कुणीकडे होतं त्याचं?"

"चढणीच्या वरच्या टोकाकडे. रस्त्याच्या बाजूला."

तिने हळूहळू मान हलवली. पुडक्याची गाठ सोडली, सॉसेज बाहेर काढले आणि एक तुकडा कापून लोरेटाच्या चांगल्या हातात दिला.

"लढला तर," ती म्हणाली. "आता खा."